निवाऱ्यातले जेवण: पावसाळ्यातील प्रकल्प नोंदी, फोंडा, गोवा

1 जून 2025, रविवार

आजपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद. बाजारात मासळी दिसेल, पण बेघरांच्या या निवाऱ्याला परवडेल अशी नसेल. म्हणजे आठवड्यातून तीनदा ताटात येणारा बांगडा आता दोन महिने नाही. त्याच्या जागी काय, हे ठरवण्याआधी सध्याच्या ताटात नेमके काय आहे ते वजन करून पाहिले.

रहिवासी 42: पुरुष 36, स्त्रिया 6. अकरा जण रोजंदारीवर जाणारे, पहाटे पावणेसहाला बाहेर. नऊ जणांना मधुमेह, दोघांवर क्षयरोगाचे उपचार चालू. तेरा जणांना दाढा नाहीत किंवा एका बाजूनेच चावता येते. हा शेवटचा आकडा आजवर कुणी मोजलाच नव्हता.

सध्याचे ताट, माणशी, सगळी वजने कच्च्या मालाची: तांदूळ 270 ग्रॅम (दोन वेळचा मिळून), डाळ 30, भाजी 120, दोन पाव, चहातले दूध 60 मिली, साखर 30 ग्रॅम, तेल 25, ओले खोबरे 20. हिशेब केला तर साधारण 1800 किलोकॅलरी आणि 40 ग्रॅम प्रथिने. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीनुसार बैठे काम करणाऱ्या पुरुषाला 2110 किलोकॅलरी व 54 ग्रॅम प्रथिने, स्त्रीला 1660 व 46 ग्रॅम लागतात. मध्यम श्रमाच्या पुरुषाला 2710 किलोकॅलरी. आमचे अकरा जण सिमेंटची पोती उचलतात, त्यांना बैठे कसे म्हणणार?

पोट भरते आहे, पण भाताने. कमी पडते ते कडधान्य, दूध आणि पालेभाजी.

3 जून, मंगळवार

नवे माप ठरले. तांदूळ 270 वरून 220 ग्रॅम. कडधान्य आणि डाळ मिळून 90 ग्रॅम: सकाळी तोणाक (नारळाच्या वाटणातला कडधान्याचा रस्सा) 35, दुपारी वरण 30, रात्री 25. नाचणीचे तिजन (पातळ खीर) 25 ग्रॅम पिठाचे, त्यात 100 मिली दूध. शेंगदाणे 20 ग्रॅम. एक दिवसाआड एक अंडे. कागदावर 62 ग्रॅम प्रथिने येतात.

कागदावरच्या आकड्यावर थांबायचे नाही, म्हणून परत आलेले अन्न मोजण्याची पद्धत आजपासून. ताटे धुण्याच्या जागी तीन बादल्या: भात, पातळ-कडधान्य, भाजी. काटे, हाडे, शेंगांची साले, मिरच्या यांची चौथी छोटी बादली, ती मोजायची नाही. बादलीचे रिकामे वजन बाहेरून रंगाने लिहून ठेवले. टांगायच्या काट्यावर वजन, त्यातून बादली वजा. पातेल्यात उरलेले वेगळे, ताटातून परत आलेले वेगळे. पातेल्यात उरले तर आमचा अंदाज चुकला. ताटातून परत आले तर पदार्थ चुकला.

ताट बादलीत रिकामे करताना कुणालाही काही बोलायचे नाही, भुवईसुद्धा वर करायची नाही. अन्न टाकल्याबद्दल बोलणी बसली की माणूस पुढच्या वेळी ताटात घेतच नाही, आणि मग वजन खोटे येते.

6 जून, शुक्रवार

अळसांद्याचे (मोठ्या चवळीसारख्या कडधान्याचे) तोणाक. वाढले 6.3 किलो, ताटातून परत आले 2.9 किलो. जवळजवळ निम्मे. बादलीत पाहिले तर रस्सा कमी आणि दाणेच जास्त. लोकांनी पाव बुडवून रस्सा खाल्ला, दाणे बाजूला सारले. म्हणजे चव नीट होती, दाणा शिजला नव्हता. सगळी प्रथिने त्या दाण्यात, आणि दाणा बादलीत.

9 जून, सोमवार

अळसांदे का शिजत नाहीत याचा छडा लावायला तीन दिवस गेले. कारणे चार, आणि चारही एकाच वेळी लागू होती.

पहिले, माल जुना. उष्ण आणि दमट हवेत महिनोन्‌महिने साठवलेल्या कडधान्याच्या दाण्यात असे बदल होतात की तो कितीही शिजवला तरी मऊ पडत नाही. दुकानदाराशी भांडून उपयोग नाही, पावसाळ्यात आपल्या कोठारातही हेच होते. आता एका वेळी पंधरा दिवसांचेच कडधान्य घ्यायचे, घट्ट झाकणाच्या पिंपात ठेवायचे, पिंप भिंतीपासून आणि जमिनीपासून वर. नव्या पोत्यातले मूठभर आधी शिजवून पाहायचे, मगच पोते उतरवून घ्यायचे.

दुसरे, भिजवणे. रात्री उशिरा, बाराच्या सुमारास भिजत घालून पहाटे पाचला शिजवायला घेतले. पाच तास अळसांद्याला पुरत नाहीत.

तिसरे, सोलं. आमसूल सुरुवातीलाच पडले होते. आंबट पाण्यात दाण्याचे साल आणि पेशी जोडणारा भाग सुटत नाही. टोमॅटो, चिंच, आंबाडा, सगळ्याला हाच नियम: दाणा बोटांत चिरडेपर्यंत आंबट काही नाही.

चौथे, विहिरीचे पाणी. क्षार जास्त असलेल्या पाण्यात कडधान्य कडकच राहते. शिजवायला नळाचे पाणी, विहिरीचे पाणी भांडी धुवायला.

खायचा सोडा घालण्याचा सल्ला चौघांनी दिला. दाणा मऊ होतो हे खरे, पण सोड्याने बी-1 जीवनसत्त्व, म्हणजे थायामिन, नष्ट होते. आपल्याकडे वर्षानुवर्षे दारू पिऊन आलेली माणसे आहेत. त्यांच्या शरीरात तेच आधी संपलेले असते, आणि ते फार कमी झाले तर मेंदूवर परिणाम होतो. त्यांच्याच ताटातून ते काढून घ्यायचे नाही. या स्वयंपाकघरात सोडा आणायचा नाही, डबाही नको.

सोड्याऐवजी मीठ. 1.5 किलो अळसांदे, 5 लिटर नळाचे पाणी, 75 ग्रॅम मीठ. मिठाच्या पाण्यात भिजवले की साल मऊ पडते. संध्याकाळी सातला भिजत घालायचे, अकराला पाणी बदलायचे (नवे पाणी बिनमिठाचे), पहाटे चारला निथळून धुऊन कुकरमध्ये. मधले पाणी बदलणे चुकवू नये. या हवेत आठ-नऊ तासांत पाण्यावर फेस येतो. फेसाबरोबर आंबूस वास आला तर तो घाणा टाकून द्यायचा, मसाल्याने वास झाकायचा नाही.

कुकर 12 लिटरचा, निम्म्यापेक्षा जास्त भरायचा नाही, कारण अळसांद्याचा फेस शिटीच्या छिद्रात अडकतो. एक चमचा तेल घातले की फेस कमी. पहिल्या शिटीनंतर मंद आचेवर 25 मिनिटे, वाफ आपोआप जाऊ द्यायची. मग वाटण: चार नारळ, धणे, भाजलेला कांदा, हळद, मिरची पूर्वीच्या निम्मी. एक डाव शिजलेले दाणे ठेचून रश्श्यात मिसळायचे, म्हणजे दाट होते आणि दाणा उरला तरी रश्श्याबरोबर पोटात जातो. सोलं गॅस बंद करायच्या पाच मिनिटे आधी.

12 जून, गुरुवार

तेच तोणाक, नव्या पद्धतीने. वाढले 6.4 किलो, परत 0.7. उरलेले बहुतेक दाढा नसलेल्यांच्या ताटातले. त्यांच्यासाठी शेवटी दीड लिटर काढून रवीने घोटून वेगळे ठेवायचे. मिक्सर नको, चिकट लापशी होते.

13 जून, शुक्रवार

न्याहारी साडेसातला. अकरा जण पावणेसहाला जातात. दुपारी ते बाहेर भाजीपाव खातात, काम मिळाले नाही तर खातही नाहीत. म्हणजे 62 ग्रॅमच्या त्या हिशेबातले फक्त रात्रीचे जेवण त्यांच्या पोटात जाते, आणि सगळ्यात जास्त श्रम त्यांचेच. सरासरीत हे दिसत नव्हते. नोंदवहीत आता दोन रकाने: घरी असणारे 31, पहाटे जाणारे 11.

पहाटे 5.15 ला तिजन तयार हवे. 42 जणांना: नाचणीचे पीठ 1.05 किलो, पाणी 8 लिटर, दूध 4.2 लिटर, गूळ 330 ग्रॅम. पीठ आधी दोन लिटर थंड पाण्यात गुठळी मोडून कालवायचे, मग उकळत्या पाण्यात धार धरून सोडायचे. 12 ते 15 मिनिटे ढवळत राहायचे, कच्चा वास जाईपर्यंत. गूळ पाण्यात विरघळवून गाळून घ्यायचा, त्यात खडे असतात. दूध गॅस बंद केल्यावर. गूळ-दूध एकत्र उकळले की फाटते, पहिल्या दिवशी फाटलेच. मधुमेहींचे नऊ वाटे गूळ घालण्याआधीच काढायचे: दुधाऐवजी ताक, जिरे, चिमूट मीठ, म्हणजे आंबील. घरोघरी तिजनासाठी नाचणी भिजवून वाटून गाळतात. इथे गाळायचे नाही, चोथ्याबरोबर बरेच काही जाते.

सोबत न्यायची पुडी: दोन पोयी (कोंड्याचे गोवेकरी पाव), दोन उकडलेली अंडी सालासकट, भाजलेले चणे 40 ग्रॅम, एक केळे, गूळ-शेंगदाणे. ओले काहीही नाही. नारळाचे वाटण घातलेली भाजी दुपारपर्यंत टिकत नाही. अंडे सोलून दिले तर चिकट होते आणि लवकर खराब होते. तडकलेले अंडे पुडीत घालायचे नाही, ते तिथेच खायला द्यायचे.

पोयीबद्दल: वरून कोंडा भुरभुरलेली आणि आतून पूर्ण मैद्याची पोयीही मिळते. मोडून आतला रंग पाहावा. आपला पोदेर (पाववाला) कणीक घालून करायला तयार झाला, पण पहाटे पाचच्या आत पोचवणे त्याला जमत नाही. म्हणून आदल्या संध्याकाळची पोयी, तव्यावर गरम करून.

17 जून, मंगळवार

मिठाचे माप. दिवसाला माणशी 5 ग्रॅमच्या आत राहायचे तर 42 जणांना 210 ग्रॅम. पाव-पोयीत आणि भिजवलेल्या कडधान्यात गेलेले धरले तर पातेल्यात घालायला 150 ग्रॅम उरते. रोज सकाळी एवढेच आयोडीनयुक्त मीठ डब्यात काढून ठेवायचे, मिठाची बरणी कपाटात. डबा संपला की मीठ संपले. पहिले चार दिवस तक्रार आली, मग लिंबाची फोड आणि थोडी आमसुलाची कढी वाढायला लागल्यावर थांबली.

मासे नसल्याने गालमो (सुका जवळा) आणि सुके बांगडे आणावेत अशी मागणी आहे, आणि ती रास्त आहे. पावसात सुक्या मासळीशिवाय जेवण गोव्यात कुणाला गोड लागते? पण खारवलेल्या मासळीतले मीठ आपला हिशेब एका दिवसात मोडते, रक्तदाबाचे रुग्ण बरेच आहेत. तोडगा: गालमो माणशी 5 ग्रॅम, तीन पाण्यांतून धुऊन पिळून, तव्यावर कोरडा परतून किसमूर (सुक्या मासळीचे तोंडीलावणे), आठवड्यातून एकदाच. त्या दिवशी पातेल्यातले मीठ 120 ग्रॅम.

22 जून, रविवार

देणगीत आलेल्या सुरय (न उकडलेल्या) तांदळाच्या पोत्यांवर निळी +एफ खूण आहे, म्हणजे फोर्टिफाइड. धुताना काही दाणे वर तरंगले, ते प्लास्टिकचे म्हणून दोघा स्वयंसेवकांनी वेचून टाकायला घेतले. ते दाणे प्लास्टिकचे नाहीत. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-12 मिसळून यंत्रातून दाण्याच्या आकारात काढतात आणि शंभर दाण्यांत एक या प्रमाणात मिसळतात. तेच वेचून टाकले तर उरतो तो साधा तांदूळ. वाढणाऱ्या सगळ्यांना हे दाणे हातात घेऊन, भिजवून, चिरडून दाखवले.

हा तांदूळ फार चोळून धुवायचा नाही, एकदाच हलक्या हाताने. आणि निवळ (भात शिजतानाचे वरचे पाणी) काढायची नाही, माप धरूनच पाणी. उकड्या तांदळाचा भात मात्र इथे कुणी निवळ न काढता करत नाही. ती काढावी, पण मोरीत ओतू नये: वरणात किंवा तोणाकात घालावी. आज 3 किलो उकड्या तांदळाची 4 लिटर निवळ निघाली, सगळी वरणात जिरली, वरणाला दाटपणाही आला.

28 जून, शनिवार

आज चूक झाली आणि ती आमचीच.

काल रात्री 2.2 किलो शिजलेला भात उरला. झाकण लावून ओट्यावरच राहिला. खोलीचे तापमान 29 अंश. पहाटे त्यात पाणी घालून चांगला उकळून पेज करून वाढली. साडेआठपर्यंत पाच जणांना उलट्या. पाचही जणांनी पेज खाल्लेली. सगळ्यांना ओआरएस घोट-घोट दिले, एका आजोबांना जास्त अशक्तपणा आला म्हणून रुग्णालयात नेले, संध्याकाळी परत आले. बाकीचे दुपारपर्यंत ठीक.

नमुन्याची तपासणी झालेली नाही, पण खाल्ल्यापासून तीन तासांच्या आत उलट्या आणि कारण शिळा भात, हे चित्र बॅसिलस सेरेयसचे. या जंतूचे बीज भात शिजताना मरत नाही. भात कोमट राहिला की ते वाढते आणि विष सोडते. ते विष पुन्हा उकळूनही जात नाही. उकळले म्हणजे शुद्ध झाले, ही समजूत इथे फसवते. घरात एक वाटी भात लवकर थंड होतो, पातेलेभर भाताचा गाभा मध्यरात्रीपर्यंत कोमट असतो.

नियम लिहून भिंतीवर लावला. गरम अन्न वाढेपर्यंत 60 अंशांच्या वर. ठेवायचेच असेल तर दोन तासांत 21 अंशांपर्यंत आणि पुढच्या चार तासांत 5 च्या खाली आले पाहिजे, त्यासाठी बोटभर जाडीच्या थरात परातीत पसरावे लागते. आपल्या 190 लिटरच्या फ्रिजला हे झेपत नाही. त्यामुळे उरलेला भात ठेवायचाच नाही. रात्रीचा भात दोन घाण्यांत: पहिला 30 जणांचा, दुसरा साडेसातची हजेरी झाल्यावर, आलेल्या डोक्यांपुरता. पेज हवी तर पहाटे ताज्या तांदळाची, उकडे आदल्या रात्री भिजवून ठेवले की पाऊण तासात होते.

टोचून पाहायचा थर्मामीटर घेतला. दर सोमवारी बर्फाच्या चुऱ्यात थोडे पाणी घालून तपासायचा, शून्य दाखवला पाहिजे. पहिल्याच दिवशी 3 दाखवत होता, पेच फिरवून जुळवला.

5 जुलै, शनिवार

रात्री 7.20 ला गॅस संपला. बदली सिलिंडर रिकामाच निघाला. जेवण 50 मिनिटे उशिरा. इन्सुलिन घेणाऱ्या एका बाईंना घाम आणि थरथर सुरू झाली. इंजेक्शन वेळेवर झाले होते, जेवण नव्हते. तीन चमचे साखर पाण्यातून दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहिले, सावरल्या, मग दोन पोयी आणि दूध.

मधुमेहींना इन्सुलिन आता ताट समोर आल्यावरच. साखरेची डबी आणि चमचा औषधांच्या कपाटात कायम. रोज अडीच किलो गॅस लागतो, 19 किलोचा सिलिंडर सात दिवस धरायचा, सहाव्या दिवशी वजन करायचे.

9 जुलै, बुधवार

बाजाराच्या छपराखाली पडलेल्या एका माणसाला रात्री आणले. किती दिवस उपाशी, नीट सांगता येत नव्हते, पाच-सहा तरी. अशा वेळी मायेपोटी ताट भरून वाढावेसे वाटते आणि तेच घातक ठरू शकते. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम भात-साखर गेली की रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने खाली येते, हृदयाची लय बिघडू शकते. 108 ला फोन, तोवर फक्त पाणी आणि दोन-तीन पळ्या पातळ पेज. थायामिन आधी द्यायचे का, रक्त तपासायचे का, हे डॉक्टरांनी ठरवायचे. परत आल्यावर पहिले दोन दिवस निम्मे जेवण, सहा वेळा थोडे-थोडे, मग डॉक्टरांच्या सांगण्याने वाढवत न्यायचे. हे वाढणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवे, कारण रात्री दहाला दार उघडणारा स्वयंसेवक बहुधा एकटा असतो.

16 जुलै, बुधवार

पालेभाजी. बेळगावहून येणारी भाजी पावसात महाग आणि घाट अडला की नाहीच. फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावर पहाटे गेले तर दुधी, भोपळा, भेंडी वाजवी भावात मिळते. तांबडी भाजी (लाल माठ) मात्र गावच्या बायकांकडूनच घ्यायची, 42 जणांना निवडून साडेतीन किलो. देठ टाकायचे नाहीत, बारीक चिरून आधी शिजवायचे. माती जाईपर्यंत तीन टब पाणी. टबात पाला वरून उचलून घ्यायचा. टब कलंडून ओतला की खाली बसलेली माती पुन्हा पाल्यावर येते.

तायकिळा (टाकळा) अजून कोवळा मिळतो, फणसाच्या आठळ्या घालून केला, बादलीत जवळपास काही आले नाही. अळूला आंबाडे आणि भरपूर शिजवणे दोन्ही हवे, नाहीतर घसा खवखवतो. रानातली अळंबी आणि ओळख न पटलेला पाला कुणी प्रेमाने आणला तरी घेत नाही.

जेवणाबरोबर चहा बंद, एक तासाने. चहाने पालेभाजीतले आणि गोळीतले लोह अडते, लिंबाने वाढते.

25 जुलै, शुक्रवार

श्रावण सुरू. आठ जण अंडेही खाणार नाहीत. त्यांना अंड्याच्या जागी 30 ग्रॅम भाजलेले चणे, प्रथिने तेवढीच. दाढा नसतील तर चण्याचे पीठ ताकात कालवून. याबाबत कुणाची समजूत घालायला जायचे नाही. रस्त्यावर आल्यावर माणसाच्या हाती ठरवण्यासारखे फार थोडे उरते, सोमवारचा उपास त्यात आहे.

6 ऑगस्ट, बुधवार

बंदी उठून सहा दिवस. आज पहिला बांगडा. 42 नग, 5.6 किलो. एका बांगड्यात साफ केल्यावर 70-75 ग्रॅम मांस, म्हणजे 14 ग्रॅम प्रथिने. दोन महिने दाणा-दाणा जुळवून जे गाठले ते एका माशात येते, म्हणून हुरळून जाण्याआधी बर्फाचे पाहिले.

बांगडा, तारले, पेडवे ही मासळी उन्हात किंवा बर्फाशिवाय राहिली की तिच्यात हिस्टामिन तयार होते. शिजवून, तळून, आंबट घालून ते जात नाही आणि वासही नेहमी येत नाही. चेहरा लाल होणे, खाज, डोकेदुखी, छातीत धडधड. क्षयरोगाच्या उपचारातील आयसोनियाझिड हे औषध शरीरातली हिस्टामिन मोडण्याची क्रिया अडवते, म्हणजे आपल्या दोघा रुग्णांना इतरांना न बाधणाऱ्या माशानेही त्रास होऊ शकतो. त्यांना या जातीची मासळी देताना बर्फाबद्दल खात्री नसेल तर त्या दिवशी अंडे. ताटाचे रंग वेगळे नकोत, कुणाला कळता कामा नये. वाढणाऱ्याच्या यादीत खूण पुरे.

खरेदीला जाताना बर्फाची पेटी सोबत, माशाइतकाच बर्फ. गाडीवर पिशवीत लोंबकळत आणलेला मासा घ्यायचा नाही, देणगीतला असला तरी.

14 ऑगस्ट, गुरुवार

तारले स्वस्त, पण काट्यांमुळे दाढा नसलेले आणि हात थरथरणारे घेत नाहीत. प्रयोग: 4.2 किलो साफ केलेले तारले, किलोमागे 12-15 सोलं, हळद, तिरफळे, दीड कप पाणी, तळाला हळदीची पाने म्हणजे लागत नाही. कुकरात पहिल्या शिटीनंतर मंद आचेवर 35 मिनिटे. मधला काटा दोन बोटांत चिरडला गेला पाहिजे, नाही तर आणखी दहा मिनिटे. चिरडला गेला की काट्यासकट खाता येतो, कॅल्शियमही मिळते. तेरापैकी अकरा जणांनी पूर्ण खाल्ले. मासा हलवायचा नाही, डावाने ढवळला की भुगा होतो.

30 ऑगस्ट, शनिवार

चवथीच्या दिवशी खतखते. दाढा नसलेल्यांनाही चालणारा, सात-आठ भाज्या एकत्र पोटात घालणारा याहून चांगला पदार्थ या स्वयंपाकघरात नाही. तूरडाळ 1.2 किलो, सुरण, भोपळा, कणगी (रताळ्यासारखे कंद), मुळा, कच्ची केळी, शेंगा, मक्याची कणसे मिळून 6 किलो, आंबाडे, गूळ थोडा, तिरफळे शेवटी. सुरण-मुळा आधी, भोपळा सगळ्यात शेवटी. शेंगा आणि कणसांचे तुकडे दाढा नसलेल्यांच्या वाट्यातून काढले. परत: 300 ग्रॅम, त्यात चोखलेली कणसे धरलेली नाहीत.

चार दिवस घरोघरून अन्न येत आहे. मोदक, नेवऱ्या, पातोळ्या मनापासून येतात, पण एका संध्याकाळी सोळा किलो गोड म्हणजे नऊ मधुमेहींची परीक्षा. नेवऱ्या कोरड्या, टिकतात, रोज एक. पातोळ्या त्याच दिवशी. काल रात्री पावणेअकराला एका समारंभातला पुलाव आला, थर्मामीटर 41. घेतला नाही. आणणारे दुखावले. त्यांना 28 जूनची नोंद वाचून दाखवली आणि पुढच्या वेळी निघताना फोन करायला, अन्न केव्हा शिजले ते डब्यावर लिहायला सांगितले. उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे 2019 चे नियम आहेत, त्यांची मराठीत एक पानाची माहिती करून दारात ठेवली. सगळ्यात उपयोगी देणगी कोणती, तेही त्यावर आहे: अंडी, शेंगदाणे, केळी, नवे कडधान्य.

11 सप्टेंबर, गुरुवार

आठवड्याची सरासरी. घरी असणारे 31: वाढलेली प्रथिने 63, परत आलेले वजा केल्यावर 59. पहाटे जाणारे 11: तिजन, पुडी आणि रात्रीचे मिळून 56. पुड्यांतले किती खाल्ले जाते हे परत येणाऱ्या कागदांवरून कळत नाही. दोघेजण चणे कुत्र्यांना घालतात, ते विचारल्यावर मोकळेपणाने सांगतात. त्यांच्या पुडीत चण्याऐवजी शेंगदाण्याची चिक्की घालून पाहायची.

कॅलरी मजुरांना अजून कमी पडतात, अंदाजे 400. रात्री त्यांना भाकरी हवी आहे, उत्तर कर्नाटकातली माणसे आहेत, भाताने त्यांचे समाधान होत नाही. ज्वारीचे पीठ 1.6 किलो, अकरा जणांना दोन-दोन. थापायला दोन हात जास्त लागतील, बचत गटातल्या दोघी सोमवारपासून यायला तयार आहेत.

तारले उद्या मिळाले तर 4.2 किलो, बर्फ 4.5. भिजत: मूग 1.5 किलो, संध्याकाळी सातला, मीठ 75 ग्रॅम. सिलिंडरचा आज सहावा दिवस, वजन केले, साडेतीन किलो शिल्लक, बदली भरलेला आहे.